पेटीतला बालाबुश्का

साठच्या दशकात अमेरिकेतल्या एखाद्या पूल पार्लरमध्ये अनोळखी माणूस शिरला, की आत बसलेली मंडळी आधी त्याच्या चेहऱ्याकडे आणि मग हाताकडे पाहत. हात रिकामा असेल तर तो भिंतीवरच्या सामाईक काठ्यांपैकी एखादी उचलून तास-दोन तास खेळेल आणि जाईल, असा हिशेब असे. पण त्याच्या काखेत अडीच फुटांहून थोडी अधिक लांब, अरुंद अशी चामडी पेटी दिसली तर खोलीतली हवा बदलत असे. स्वतःची काठी पेटीतून घेऊन येणारा माणूस हौसेखातर आलेला नसतो, एवढे त्या जगात सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच पैसे लावून खेळणारे पट्टीचे फिरस्ते खेळाडू ही पेटी मोटारीच्या डिकीत दडवून ठेवीत आणि आत जाऊन मुद्दाम एखादी वाकडी काठी उचलीत. पेटी दाखवली की सावज सावध होई.

त्या पेट्यांमधून फिरणाऱ्या काठ्यांपैकी सर्वांत अधिक बोलबाला झाला तो ब्रुकलिनमधील एका सुताराच्या हातच्या काठ्यांचा. त्या सुताराचे नाव जॉर्ज बालाबुश्का. पुढे हे नाव माणसाचे आहे हेही अनेकजण विसरले. त्याच्याकडे बालाबुश्का आहे, असे म्हटले की काठीच समजायची, अशी रूढी पडली. व्हायोलिनच्या दुनियेत स्ट्रॅडिव्हरी या इटालियन कारागिराच्या नावाला जे स्थान आहे, तेच क्यूच्या दुनियेत बालाबुश्का यांना देण्यात येते.

आपल्याकडे या खेळाची दोन भावंडे अधिक परिचयाची आहेत. बिलियर्ड्समध्ये पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी विजेतेपद मिळवले आणि भारताला कोणत्याही खेळातील पहिला वैयक्तिक जगज्जेता लाभला. स्नूकर तर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीतच जन्मले, असे मानतात. पूल हा मात्र अमेरिकेचा लाडका खेळ. सहा खिशांचे टेबल, पंधरा क्रमांकित चेंडू आणि एक पांढरा चेंडू. स्नूकरचा चेंडू साडेबावन्न मिलिमीटर व्यासाचा, तर पूलचा सुमारे सत्तावन्न. चेंडू मोठा आणि जड, म्हणून क्यूचे टोकही जाड, साधारण तेरा मिलिमीटरचे. क्यूची लांबी अठ्ठावन्न इंचांच्या आसपास आणि वजन पाचशे ते सहाशे ग्रॅम. एवढी लांब काठी घेऊन बसमध्ये किंवा आगगाडीत चढणे अवघड, म्हणून ती मधोमध दोन तुकड्यांत करून पितळी वा पोलादी आट्यांनी जोडायची पद्धत पडली. दोन तुकड्यांचा क्यू आला आणि त्याच्यापाठोपाठ पेटी आली. पेटीशिवाय दोन तुकड्यांच्या क्यूला अर्थ नाही आणि तसा क्यू नसता तर स्वतंत्र कारागिरांचा हा धंदाही उभा राहिला नसता. सामाईक काठ्या कारखाने बनवीतच होते. ज्याला आपली काठी आपल्याबरोबर न्यायची आहे, तोच माणूस कारागिराच्या दारी येणार.

बालाबुश्का यांचा जन्म ९ डिसेंबर १९१२ रोजी रशियात झाला. मूळ नाव ग्रिगोरी. वडील अंतोन, आई नतालिया. हे कुटुंब १९२४ मध्ये अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कमध्ये स्थिरावले. बारा वर्षांच्या या काळात त्या मुलाने पहिले महायुद्ध, दोन क्रांत्या आणि यादवी युद्ध अशा घटना भोवताली घडताना पाहिल्या असणार. पण त्याविषयी त्यांनी पुढे काही मागे ठेवलेले नाही. अमेरिकेने त्याच वर्षी पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांवर कडक मर्यादा घालणारा कायदा केला. म्हणजे दार लावले जात असताना हे कुटुंब उंबरठ्याच्या आत आलेले होते. ग्रिगोरीचा जॉर्ज झाला. आडनाव मात्र तसेच राहिले, आणि अमेरिकन जिभेला अवघड वाटणारे ते आडनावच पुढे त्या देशातील प्रत्येक पूल पार्लरमध्ये घोळले जाणार होते.

तरुणपणी त्यांनी लाकडाची नाना कामे केली. सुतारकाम, फर्निचर, मुलांची लाकडी खेळणी. खेळणी बनवण्याचा अनुभव हा वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. लहान मुलाच्या हातात जाणाऱ्या वस्तूला टोक, कूस किंवा खरखर राहून चालत नाही. कातकामाच्या यंत्रावर लहान गोल वस्तू एकसारख्या उतरवाव्या लागतात आणि हाताने पुन्हा पुन्हा घासून गुळगुळीत कराव्या लागतात. आपल्याकडे ज्याला कातारी म्हणतात त्या कारागिराची ही शिस्त आहे. पुढे क्यू करताना ती त्यांच्या कामी आली असणार. याच कामात यांत्रिक करवतीने त्यांच्या एका बोटाचा भाग गेला. त्यांनी त्या जागी बसेल असे कृत्रिम बोट स्वतःच तयार केले आणि काम व खेळ दोन्ही चालू ठेवले. खेळ म्हणजे अर्थातच पूल. कामावरून सुटल्यावर पूल पार्लरमध्ये जाणे हा त्या काळच्या न्यूयॉर्कमधील कष्टकरी माणसाचा नेहमीचा विरंगुळा होता आणि जॉर्ज यांना तर त्याचे वेडच होते.

अशी सत्तेचाळीस वर्षे गेली. या वयात माणसे निवृत्तीचा विचार करू लागतात. बालाबुश्का यांनी १९५९ मध्ये एका भागीदारासह पूल पार्लर विकत घेतले. व्यवहाराच्या दृष्टीने ही वेळ चांगली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा खेळ उतरणीला लागला होता. सैनिक घरी परतले, संसारात आणि उपनगरांतल्या नव्या घरांत रमले, संध्याकाळ दूरचित्रवाणीपुढे जाऊ लागली. पार्लरे बंद पडत होती. विली मॉस्कोनी यांच्यासारखा अतुलनीय खेळाडू १९५४ मध्ये ओहायो राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे सलग पाचशे सव्वीस चेंडू घालतो आणि देशाला त्याची फारशी गंधवार्ताही नसते, अशी अवस्था होती.

पार्लर हाती आल्यावर तिथल्या काठ्यांची डागडुजी ओघानेच आली. टोकाची चामड्याची चकती निसटते, सांधा ढिला होतो, लाकूड वाकते. हातात कसब असलेल्या मालकाने हे काम बाहेर कशाला द्यावे? दुरुस्ती करता करता त्यांनी काही क्यू नव्याने घडवले आणि त्या वर्षीच्या नाताळात मित्रांना भेट म्हणून दिले. मित्रांनी ते क्यू पार्लरमध्ये वापरले, इतरांनी हातात घेऊन पाहिले आणि असा क्यू आम्हालाही विकत द्या अशी मागणी सुरू झाली. जाहिरात नाही, दुकान नाही, नावाची पाटी नाही. या खेळात वस्तूची पारख एका फटक्यात होते आणि ती बातमी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते.

योगायोग असा की वॉल्टर टेव्हिस यांची द हसलर ही कादंबरीही १९५९ सालचीच. तिच्यावर रॉबर्ट रॉसन यांनी काढलेला, पॉल न्यूमन आणि जॅकी ग्लीसन यांचा चित्रपट १९६१ मध्ये आला. मॉस्कोनी त्याचे तांत्रिक सल्लागार होते. चित्रपटाने पूलला एकदम नवी तरतरी दिली. नवी पार्लरे उघडली, तरुण पोरे टेबलांभोवती गर्दी करू लागली आणि पडद्यावर पाहिलेल्या एडीसारखा स्वतःचा क्यू आपल्याजवळ असावा असे हजारोंना वाटू लागले. मरगळलेल्या धंद्यात उतरलेल्या बालाबुश्का यांच्यापुढे दोनच वर्षांत गिऱ्हाइकांची रांग लागण्याचे हे एक मोठे कारण. त्यांचे कसब होतेच, पण काळही त्यांच्या बाजूने वळला. पुढे काही वर्षांतच त्यांनी पूर्ण वेळ क्यू बनवण्यालाच वाहिला.

आता हे क्यू होते तरी कसे? येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण दंतकथांच्या गर्दीत ती झाकली जाते. आपल्या सुरुवातीच्या क्यूंसाठी बालाबुश्का यांनी लाकडाचा कच्चा दांडा स्वतः जुळवलेला नव्हता. ब्रुन्सविक या जुन्या अमेरिकन कंपनीचा टायटलिस्ट नावाचा एकसंध क्यू पूल पार्लरमध्ये सर्रास मिळे. विली हॉप या नामांकित बिलियर्डपटूचे नाव त्याच्याशी जोडलेले होते. त्याच्या मागच्या जड भागातील गडद लाकूड चार लांब टोकांनी पुढच्या फिकट मेपलमध्ये शिरलेले असे आणि त्या टोकांच्या कडेने रंगीत लाकडाचे पातळ पापुद्रे बसवलेले असत. ही सांधणी फार मजबूत. बालाबुश्का तो क्यू घेत, योग्य जागी कापत, यंत्रावर चढवून त्याचा आकार बदलत, पोलादी सांधा बसवत, मूठ धरण्याच्या जागी आयरिश लिननचा दोरा गुंडाळत आणि मागच्या टोकाला आपल्या पद्धतीच्या कड्या व शिंपल्याचे बारीक ठिपके जडवत. पुढचा निमुळता मेपलचा भाग, ज्याला शाफ्ट म्हणतात, तो वेगळा घडवला जाई.

दांडा दुसऱ्याचा, मग कसब ते कोणते, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर दांडा कापल्यानंतरच्या कामात आहे. लाकूड हे मेलेले असले तरी स्वस्थ नसते. हवेतील दमटपणा वाढला की ते फुगते, कोरडे झाले की आकसते. कातून काढलेला शाफ्ट आज सरळ असेल तर महिन्याभराने किंचित वाकेल, कारण वरचा थर निघून गेल्यावर आतला ताण मोकळा होतो. म्हणून जाणता कारागीर एकदम सगळे लाकूड उतरवत नाही. थोडे उतरवतो, दांडा टांगून ठेवतो, काही आठवड्यांनी पुन्हा थोडे उतरवतो, आणि या वाटेत जो वाकेल तो बाजूला काढतो. हा बाजूला काढण्याचा निर्णय पैशाच्या दृष्टीने जाचक असतो. अर्धे काम झालेले लाकूड टाकून द्यायचे आणि गिऱ्हाइकाला पुन्हा थांबवायचे. मग सांधा. दोन तुकड्यांची तोंडे एकमेकांवर अशी बसली पाहिजेत की जोडलेला क्यू एकाच लाकडाचा वाटावा. तिथे केसाएवढी फट राहिली तरी फटक्याचा धक्का हातापर्यंत स्वच्छ पोहोचत नाही. खेळाडू ज्याला हिट म्हणतात ती संवेदना हीच. चेंडूला क्यू लागला त्या क्षणी तळहाताला काय कळले, यावर त्याचा पुढच्या फटक्याचा अंदाज उभा असतो.

बालाबुश्का यांच्या क्यूची कीर्ती या हिटची आहे. त्यांच्या काठ्यांत काही गूढ होते, असे सांगणारे भक्त अमेरिकेत भरपूर भेटतात. प्रस्तुत लेखकाला त्यात फारसे तथ्य वाटत नाही. त्यांनी कोणताही नवा सांधा शोधून काढला नाही, लाकडाची नवी जात आणली नाही, नक्षीकामात तर त्यांच्या मागून आलेले अनेक कारागीर कितीतरी पुढे गेले. जे करायचे ते त्यांनी प्रत्येक वेळी सारख्याच काळजीने केले, आणि त्यांच्या आधी व बरोबरीने काम करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ते जमले. शिकागोचे हर्मन रॅम्बो हे त्यांच्या आधीच्या पिढीतले मोठे नाव. ब्रुन्सविकमध्ये त्यांनी उमेदीची वर्षे घालवली आणि उतारवयातही क्यू घडवले. ते १९६७ मध्ये वारले. रॅम्बो यांच्यानंतर थोरपणाची गादी आपसूकच ब्रुकलिनकडे आली.

टायटलिस्टचे दांडे पुढे पुरेसे मिळेनासे झाले, तेव्हा बालाबुश्का यांनी शिकागोच्या बर्टन स्पेन यांच्याकडून आणि नंतर पेनसिल्व्हेनियातील गस झाम्बोटी यांच्याकडून सांधलेले दांडे घेतले. हे दोघेही स्वतः क्यू बनवणारे, म्हणजे एका अर्थी स्पर्धकच. तरी ते आपले उत्तम काम या वडीलधाऱ्या कारागिराला पुरवीत. झाम्बोटी यांचे नाव तर पुढे बालाबुश्का यांच्या जोडीने घेतले जाऊ लागले. संग्राहक आज एखाद्या बालाबुश्का क्यूचा काळ ठरवताना पहिल्यांदा त्याच्या टोकांची ठेवण आणि पापुद्र्यांचे रंग पाहतात आणि दांडा कोणाचा हे ओळखतात. दुसऱ्याच्या हातचा दांडा वापरला म्हणून बालाबुश्का यांचे मोल कुठे घटलेले नाही.

असा क्यू हाती आलेला माणूस तो कसा सांभाळील? येथे पुन्हा पेटीकडे वळावे लागते. क्यूचे खरे शत्रू तीन. ऊन, दमट हवा आणि भिंतीला तिरका टेकवून ठेवण्याची सवय. उन्हाळ्यात बंद मोटारीच्या डिकीतला उष्मा काही तासांत लाकडाचा घात करू शकतो. म्हणजे सावजापासून पेटी लपवण्यासाठी डिकी ही सर्वांत सोयीची जागा आणि क्यूसाठी सर्वांत वाईट. या पेचात कित्येक चांगल्या काठ्या वाकल्या असतील.

सुरुवातीच्या पेट्या चपट्या असत. लाकडाचा सांगाडा, वर कातडे किंवा कातड्यासारखे दिसणारे कापड, आत मखमल आणि दोन तुकड्यांसाठी दोन खाचा. पुढे नळीच्या आकाराच्या पेट्या आल्या. त्यांत प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र घर असते, त्यामुळे जड भागाचा पोलादी सांधा शाफ्टला घासत नाही. चांगला खेळाडू एका जड भागाला दोन शाफ्ट ठेवतो, म्हणून पेटीचे मापही इतके जड भाग आणि इतके शाफ्ट असे सांगण्याची रीत आहे. हातकारागिराची चामडी पेटी ही यातली सर्वांत मानाची. तिच्यासाठी झाडांच्या सालीतील द्रव्यांनी कमावलेले जाड कातडे लागते. आपल्या कोल्हापुरी चपलेचे कातडे ज्या पद्धतीने कमावतात, तत्त्व तेच. रसायनांनी झटपट कमावलेले कातडे मऊ असते, पण त्याच्यावर उठाव धरत नाही. सालीने कमावलेले कातडे ओलसर करून त्याच्यावर बोथट हत्याराने नक्षी दाबली की वाळल्यावर ती तशीच राहते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत घोड्यांच्या खोगिरांवर वेलबुट्टी काढणारे कारागीर होते. क्यूच्या पेट्यांवरची फुले आणि पाने त्याच परंपरेतून आली. कडा आरीने टोचून, मेण लावलेल्या दोऱ्याची दोन सुया उलटसुलट घालून शिवायच्या. यंत्राची शिवण एका ठिकाणी तुटली की उसवत जाते, ही हातशिवण मात्र एक टाका तुटला तरी बाकीची धरून ठेवते.

कातड्याचे आणि क्यूचे नाते येथे पुरे होत नाही. क्यूच्या अगदी टोकाला जी चकती असते ती चामड्याचीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ती रूढ झाली आणि तिच्यामुळेच चेंडूला फिरकी देता येऊ लागली. काही क्यूंची मूठही कातड्याने मढवतात. कातड्याला हाताचा घाम शोषता येतो, त्यामुळे पकड निसटत नाही. बालाबुश्का यांचा ओढा मात्र लिननकडे होता.

या पेट्या घेऊन माणसे कुठे कुठे जात, याचे एक उदाहरण द्यायला हवे. इलिनॉय राज्यात जॉन्स्टन सिटी नावाचे छोटे गाव आहे. जॉर्ज आणि पॉली जॅन्स्को या भावांनी १९६१ पासून तेथे पैसे लावून खेळणाऱ्या खेळाडूंची वार्षिक स्पर्धा भरवायला सुरुवात केली. देशभरातले नामचीन फिरस्ते तिथे जमत. स्पर्धा नावाला, खरी उलाढाल रात्रभर चालणाऱ्या पैजांची. ज्यांनी आयुष्यभर पेटी लपवली त्यांना येथे ती उघडपणे मिरवता येई, कारण सगळेच एकमेकांना ओळखून होते. १९७२ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेने छापा घातला आणि तो मेळावा बंद पडला. कोणाचा क्यू कोणी घडवला, तो कसा बोलतो, याची चर्चा अशाच ठिकाणी होत असे आणि कारागिराचे नाव गावोगाव पोहोचत असे. बालाबुश्का यांनी हा लौकिक ब्रुकलिन न सोडता मिळवला.

त्यांचे स्वतःचे आयुष्य यात फारसे बदलले नाही. मोठा कारखाना काढावा, कामगार ठेवावेत, महिन्याला शंभर क्यू काढावेत, असे त्यांना कोणी सुचवले नसेल असे नाही. मागणी तेवढी होती. पण ते लहान जागेत, आपल्या हाताने, आपल्या वेगाने काम करीत राहिले. १९५९ ते १९७५ या सोळा वर्षांत त्यांच्या हातून सुमारे एक हजार ते बाराशे क्यू बाहेर पडले, असा जाणकारांचा अंदाज आहे. म्हणजे आठवड्याला सरासरी एक ते दीड. त्यांतल्या सगळ्यांवर त्यांचे नाव नाही. घेणाऱ्याला कोणी बनवला ते ठाऊक होते आणि बनवणाऱ्याला आपला हात ओळखू येत होता. सहीची गरज तेव्हा दोघांनाही वाटली नसावी. पुढे याच गोष्टीने फार गोंधळ माजवला.

५ डिसेंबर १९७५ रोजी जॉर्ज बालाबुश्का यांचे निधन झाले. त्रेसष्टावा वाढदिवस चार दिवसांवर होता. त्या वेळी खेळाच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते.

अकरा वर्षांनी ते सर्वतोमुखी झाले. द हसलरमधील एडी पंचवीस वर्षांनी पुन्हा पडद्यावर आला. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा द कलर ऑफ मनी हा चित्रपट १९८६ चा. पॉल न्यूमन यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. त्यात वयस्क एडी आपल्या तरुण शिष्याला, म्हणजे टॉम क्रूझने रंगवलेल्या व्हिन्सेंटला, एक बालाबुश्का भेट देतो. गुरूचा सगळा धंदा लपवाछपवीवर चालणारा आणि शिष्य दिखाऊ. एका पार्लरमध्ये व्हिन्सेंट ती पेटी घेऊनच जातो. तिथला उत्तम खेळाडू पेटीत काय आहे म्हणून विचारतो तेव्हा हा पोरगा मोठ्या ऐटीत सर्वनाश असल्याचे सांगतो आणि क्यू तलवारीसारखा फिरवत त्याला हरवतो. खेळ जिंकतो आणि मोठ्या रकमेची पैज लावू शकणारे गिऱ्हाईक घालवून बसतो. पेटी दाखवायची की लपवायची, हा त्या जगाचा जुना प्रश्न स्कॉर्सेसी यांनी काही मिनिटांत उभा केला आहे.

गंमत अशी की त्या पेटीत बालाबुश्का नव्हताच. पडद्यावर दिसतो तो बाल्टिमोरच्या जॉस कंपनीचा, बालाबुश्कासारखा दिसणारा क्यू. अस्सल आणि महाग वस्तू चित्रीकरणाच्या धकाधकीत खराब होऊ नये, हा विचार त्यामागे होता. जॉसचा तो क्यूही वाईट नव्हता, पण जगभरच्या प्रेक्षकांनी पाहिला तो बालाबुश्का म्हणूनच.

त्यानंतर मागणीचा जो लोंढा आला, त्याला पुरे पडायला मूळ कारागीर हयात नव्हता. त्यांच्या नावाचा अधिकृत परवाना घेऊन कारखान्यात बनवलेल्या प्रतिकृती बाजारात आल्या. त्या उघडपणे प्रतिकृती म्हणून विकल्या गेल्या, त्यात आक्षेपार्ह काही नाही. पण त्याचबरोबर बनावट क्यूही आले. सही नसलेला एखादा जुना क्यू, थोड्या कड्या, थोडे शिंपल्याचे ठिपके आणि एक बनवून सांगितलेली कहाणी, एवढे भांडवल पुरेसे होते. अस्सल क्यूची किंमत हजारो डॉलरांच्या घरात गेली आणि खरेखोटे ठरवणाऱ्या तज्ज्ञांचा वेगळा व्यवसाय उभा राहिला. ते दांडा कोणाचा, सांध्याचे आटे कसे, कड्यांची रचना कोणत्या वर्षाची, हे पाहतात. क्यू कोणाकडून कोणाकडे गेला याची साखळी तपासतात. त्या साखळीत जुनी पेटीही साक्षीला येते. मूळ मालकाच्या काळातली पेटी असेल तर क्यूच्या कहाणीला तेवढा आधार मिळतो.

बिलियर्ड काँग्रेस ऑफ अमेरिका या संस्थेने पुढे बालाबुश्का यांना आपल्या सन्मान मालिकेत स्थान दिले. एरवी तिथे खेळाडूंचीच गर्दी असते.

बाराशेपैकी किती क्यू आज शिल्लक आहेत, त्यांतले किती सरळ आहेत आणि किती कोणाच्या हातात खेळतात? संग्राहकाला तो खेळून दाखवायला सांगितले तर बहुधा नकार मिळतो. टोकाची चकती बदलावी लागेल, मुठीवरचा मूळ दोरा मळेल, शाफ्टची जाडी घासून कणभर कमी होईल आणि किंमत उतरेल. त्या नकाराला त्याच्या बाजूने काही चूक म्हणता येत नाही. हे क्यू आता ठराविक तापमानाच्या खोल्यांत, उत्तम कमावलेल्या कातड्याच्या पेट्यांत मखमलीवर आडवे ठेवलेले असतात. मधूनच एखादा जुना खेळाडू मात्र असा सापडतो की ज्याने तरुणपणी ब्रुकलिनला जाऊन प्रत्यक्ष त्या कारागिराच्या हातून क्यू घेतला. तो पेटी उघडतो, दोन तुकडे जोडतो, टोकाला खडू लावतो आणि टेबलावर वाकतो.